हजीऱ्याला फोनवरून पाजलेली बिअर

आमचा भाचा हजीऱ्याला असतो. म्हणजे नोकरी हजीऱ्याच्या एका कारखान्यात आणि बिऱ्हाड सुरतेत, अडाजणला. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. तापी जिथे समुद्राला मिळते तिथली ही पट्टी; पोलाद, खत, वायू, बंदर असं सगळं तिथे दाटीवाटीनं उभं आहे. मुलगा फोंड्याचा. त्यामुळे मासे मनासारखे मिळत नाहीत ही त्याची पहिली तक्रार, आणि दुसरी तक्रार कोणती ते गोवेकर वाचकाला सांगायला नको. गुजरातेत दारूबंदी आहे. परवान्याची सोय आहे म्हणतात, पण त्या खटपटीत तो पडलेला नाही.

मागे एका शनिवारी रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी व्हरांड्यात बसलो होतो आणि समोर एक कॅन होता. हल्ली गोव्यात ज्यांना 'क्राफ्ट बिअर' म्हणतात त्यांपैकी, आयपीए जातीची. नाव मुद्दाम सांगत नाही. मला जाहिरातही करायची नाही आणि नालस्तीही. काय चाललंय, असं त्यानं विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "मामा, रूच कशी ती सांग पळोवया."

मी म्हटलं, "बरी आसा."

"बरी म्हणजे कशी?"

आणि मी अडलो. चाळीस वर्षं मराठीत लिहितोय. नाटकांवर लिहिलं, भजनी मंडळांवर लिहिलं, शिमग्यावर आणि जत्रांवर लिहिलं. पण हातातल्या ग्लासाची चव हजीऱ्यातल्या माणसाला कळेल अशी सांगायची तर 'बरी' आणि 'कडू' यांच्यापुढे गाडी जाईना. तो बिचारा वाट पाहतोय. शेवटी "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा कॅन, कागद आणि पेन घेऊन बसलो. हा लेख म्हणजे त्या कागदाचा विस्तार.

आधी कॅनवर काय छापलंय ते पाहिलं. आंबा, अननस, पॅशन फ्रूट यांचा गंध, असा दावा. पण घटक वाचले तर पाणी, बार्लीचा माल्ट, ओट, हॉप्स आणि यीस्ट. फळ औषधालाही नाही! आमच्याकडे मिठाईवाल्यानं असं केलं असतं तर लोकांनी दुकानासमोर जाब विचारला असता.

ग्लासात ओतली. रंग पिवळा, पण साध्या बिअरसारखा आरपार दिसणारा नव्हे. हळदीच्या पाण्यात चमचाभर दूध पडावं तसा गढूळ. फेस पांढरा, दाट, उसाच्या रसावर येतो तसा आणि बराच वेळ टिकणारा. नाक जवळ नेलं. पहिला वास पिकल्या पेरूंच्या टोपलीचा. घरात पेरू आणून ठेवले की दुसऱ्या दिवशी माजघरभर पसरतो, तो. त्याच्यामागे पपनस सोलताना सालीतून उडणाऱ्या तेलाचा वास. आंबा? होता, पण मानकुराद नव्हे. मानकुरादाला जो एक खोल, मधाळ वास असतो तो इथे नाही. रायवळ आंब्याच्या देठाशी चीक येतो ना, तो हिरवा, राळेसारखा वास होता. आणि अगदी तळाशी, थोडासा, ओलं गवत.

मग घोट. जिभेच्या टोकावर क्षणभर गोडसर वाटतं. नाकानं आधीच फळ सांगितलेलं असतं म्हणून जीभ फसते. मग मध्यभागी माल्टचा भाग, भिजवलेल्या पोह्यांसारखा मऊ. आणि गिळल्यावर कडूपणा. हा कडूपणा कारल्याचा नाही. कारलं आल्या आल्या तोंडावर येतं. हा पपनसाच्या पाकळीवरच्या पांढऱ्या सालीचा कडूपणा, सावकाश येणारा आणि जिभेच्या मुळाशी ठाण मांडून बसणारा. मेथीची भाजी जेवून झाल्यावर जो कडसरपणा उरतो आणि पाणी प्यायलं की गोड लागतं, त्याच्या जवळचा.

दहा मिनिटांनी, गारवा जरा कमी झाल्यावर, अननस आला. थंडगार असताना तो अजिबात नव्हता. म्हणजे बर्फासारखी थंड करून ही बिअर प्यायची तर जे पैसे वासाचे मोजले तेच वाया. सोबत बांगड्याचं तिखट हुमण असेल तर तेही चुकीचं. कडू आणि तिखट एकमेकांना चढवतात, जीभ नुसती भाजते. रव्यात तळलेले नीरफणसाचे काप घेतले, ते मात्र छान जुळले.

माझं मत विचाराल तर पहिला अर्धा ग्लास उत्तम. दुसऱ्या अर्ध्यात फळं थकतात आणि कडूपणा एकटाच बोलत राहतो. दुसरा कॅन मी उघडणार नाही. पण पहिल्याचा पश्चात्तापही नाही.

हे सगळं भाच्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पेरू कळला. पपनस कळलं. पण मामा, फळ नाही तर वास कुठून?"

प्रश्न रास्त होता. उत्तर हॉप्समध्ये आहे. हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांच्या बोंडांत पिवळी राळ असते. तिनं बिअरला कडूपणा येतो आणि ती टिकायला मदत होते. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलमध्ये या वेलीची लागवड झालेली आहे. याच बोंडांत सुगंधी तेलंही असतात. त्यातलं मायर्सिन हे द्रव्य आंब्यातही सापडतं. शिवाय थायॉल नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. पेरू आणि पॅशन फ्रूट यांच्या वासाला जी कारण आहेत तीच ही. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढी असली तरी नाकाला कळतात. त्यातलं एखादं प्रमाणाबाहेर गेलं तर मात्र मांजरानं कोपऱ्यात केलेल्या प्रतापाची आठवण येते! अमेरिकेत 1972 साली कॅस्केड नावाची हॉपची जात आली, मग एकविसाव्या शतकात सिट्रा, मोझेक अशा जाती आल्या, आणि कडूपणाहून वासाला महत्त्व देणाऱ्या आयपीए निघाल्या. बिअर आंबून झाल्यावर किंवा होत असताना वरून हॉप्स घालायचे, ते उकळायचे नाहीत, म्हणजे वास उडत नाही. आपण आमटी उतरवल्यावर वरून कोथिंबीर घालतो तोच हिशेब. तेव्हा कॅनवरचा दावा खोटा नाही. फळ नाही, पण फळाचा वास ज्या द्रव्यांनी येतो ती आहेत.

आता नावातल्या 'इंडिया'कडे वळू, कारण इथे भाच्याचा हजीरा पुन्हा येतो. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसनचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान अठराव्या शतकाच्या शेवटी त्याची पिंपं हिंदुस्थानात आणून विकत. पुढे 1820च्या दशकात बर्टन गावच्या ऑल्सॉपनं त्याच्या तोडीची बिअर गाळायला घेतली. तिथल्या जिप्समयुक्त पाण्यात ती अधिक खुलली. हिंदुस्थानसाठीच हा प्रकार मुद्दाम शोधून काढला, बाकीची बिअर वाटेत नासायची, ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते, पण ती खरी नाही. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येत होती आणि नीट पोचत होती. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापील स्वरूपात सापडतं ते 1829 साली, आणि तेही सिडनीच्या वर्तमानपत्रात. तेव्हा नावात इंडिया असली तरी बार्ली इंग्लंडची, हॉप्स इंग्लंडचे, पिणारे गोरे साहेब. आपल्या वाट्याला फक्त नाव.

परंतु या सगळ्याच्या दोनशे वर्षं आधी इंग्रजांची जहाजं नांगर टाकत ती हजीऱ्याजवळ, सुवाळीच्या किनाऱ्यावर. मोठी जहाजं तापीतून सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत, म्हणून सुवाळी हेच सुरतेचं समुद्रातलं दार. 1612च्या नोव्हेंबरात तिथेच टॉमस बेस्टच्या दोन जहाजांची पोर्तुगीज आरमाराशी गाठ पडली. ते आरमार गेलं होतं आपल्या गोव्याहून. इंग्रज टिकले, जहांगीर बादशहाची परवानगी मिळाली आणि सुरतेत त्यांची वखार उभी राहिली. भाचा ज्या रस्त्यानं रोज कामावर जातो तिथून हा किनारा काही लांब नाही.

या वखारीत काय प्यायचे? 1689 साली सुरतेला आलेला ओव्हिंग्टन नावाचा पाद्री त्याबद्दल लिहून गेला आहे. विलायती वाइन आणि इंग्लिश बिअर ओळखीची म्हणून सगळ्यांना हवीहवीशी, महाग असली तरी लोक आनंदानं घेत. पण पंच बनवायला लागे ती अरक. बंगालची जास्त कडक, गोव्याची जरा सौम्य. गोव्याची म्हणजे माडाच्या सुरेपासून गाळलेली. आपल्या माडाच्या फेणीची ही पूर्वज म्हणायला हरकत नाही. म्हणजे पाहा, ज्या सुरतेच्या वखारीत आमची दारू सतराव्या शतकात मानानं ओतली जात होती, त्याच सुरतेत आमचा भाचा आज कोरडा बसलाय.

सुवाळीची आणखी एक गोष्ट त्याला सांगितली. टॉम कोर्येट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज प्रवासी अलेप्पोहून जवळजवळ सगळी वाट पायी तुडवत अजमेरला मोगल दरबारात पोचला. 1617 साली तो सुरतेला आला तेव्हा हगवणीनं बेजार होता. तिथल्या इंग्रजांकडे 'सॅक' नावाची स्पेनची वाइन आहे असं कळल्यावर त्याला राहवलं नाही. त्यानं ती मागून घेतली, आणि त्यात दुखणं वाढून त्या डिसेंबरात तो वारला. सुवाळीजवळ राजगरीला त्याचं म्हणून एक थडगं दाखवतात. दारूबंदीच्या राज्यात दारूपायी गेलेल्या माणसाचं थडगं! भाचा हसला. म्हणाला, "आईला सांगू नको, ती म्हणेल बघ, तिथेही तेच शिकतोय."

भाच्याची आई, म्हणजे माझी बहीण, म्हणेल त्यात चूक काही नाही. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागे हीच कळकळ होती, आणि 1960 साली गुजरात वेगळं झालं तेव्हा तो कायदा त्यानं पुढे चालवला. तहान लागलेला सुरतकर दमणला जातो. ते दमण 1987 सालापर्यंत 'गोवा, दमण आणि दीव' म्हणून आपल्याच संसारात होतं. दारूबंदी बरी की वाईट हा वाद मला इथे घालायचा नाही. माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते भाषेचं आहे.

मराठीत दारूवर लिहायच्या दोनच वाटा आहेत. एक गडकऱ्यांची. 'एकच प्याला' 1919 साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आलं आणि त्यातला सुधाकर पिढ्यान्पिढ्या प्रेक्षकांना रडवत आला. (गडकऱ्यांचा जन्म सध्याच्या नवसारी जिल्ह्यातला, म्हणजे सुरतेच्या शेजारचाच. हाही एक योगायोग.) दुसरी वाट तळीरामाची, म्हणजे विनोदाची: झिंगणारा नवरा, लटपटणारे पाय, गटारातला शर्ट. रडा किंवा हसा. चव कशी लागते हे सांगणारी तिसरी वाट मात्र कुणी फारशी मळलीच नाही. त्यामुळे मराठी माणूस दारू पितो, पण तिच्याबद्दल मराठीत बोलत नाही. बोलायची वेळ आली की इंग्रजीत शिरतो, आणि तिथे त्याला कॅनवर छापलेली वाक्यं तयार मिळतात.

भाषा गरीब आहे असं नाही. कुबट, खवट, ओशट, उग्र, करपट, खमंग, खरपूस, आंबूस, मचूळ, तुरट, कडसर. नाकाजिभेचे इतके शब्द असलेली भाषा आहे आपली. आजी दुरून सांगायची, कढी 'लागलीय' की दूध 'उतू जातंय'. पेरू, पपनस, मेथी, भिजलेले पोहे यांवरून ती बिअर हजीऱ्यापर्यंत पोचलीच ना? शब्द होतेच. ते ग्लासाजवळ न्यायची लाज वाटत होती, इतकंच.

आणि या लाजेची खरी किंमत बिअरला नव्हे, आमच्या हुर्राकाला मोजावी लागते. बिअरला बोलणारे पुष्कळ आहेत. सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीनं 'एट फिंगर एडी' नावाची आयपीए काढली. हणजुणेला राहिलेल्या आणि 2010 साली वारलेल्या एका वयस्क हिप्पीच्या नावानं. नाव आहे, चित्र आहे, गोष्ट आहे. हुर्राकाचं काय? मार्चपासून मेपर्यंत बोंडू पिकून गळतात, कोळमीत तुडवले जातात, निरो निघतो, तो आंबतो, भाटीवर चढतो, आणि पहिल्या धारेचं हुर्राक बाटलीत येतं. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणला हे खरं, पण चार शतकांत तो आपल्या डोंगरांचा झाला. इथे फळाचा नुसता वास नाही. अख्खं फळ आहे. तेच पुन्हा गाळलं की फेणी. तिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली सरकारनं तिला वारशाचा मान दिला. पण चवीबद्दल विचारा. "कडक आसा", "वीस ग्राव आसा". संपलं. ग्राव म्हणजे जोर. जोर मोजायला शब्द आहे, चव सांगायला नाही.

मग परगावचा पाहुणा फेणीला 'वास मारते' म्हणतो आणि आपण ओशाळून तिच्यात लिंबाचं सोडापेय ओततो. कुणी त्याला सांगत नाही की चांगल्या हुर्राकात उन्हात तापलेल्या बोंडूच्या सालीचा वास असतो, घशाला काजूचा तो ओळखीचा तुरट चिमटा बसतो, आणि शेवटी चुलीच्या धुराची एक रेष राहते. एका भाटीची चव दुसऱ्या भाटीसारखी नसते हेही कुणी लिहून ठेवत नाही. भाटी चालवणारा म्हातारा हे सगळं जाणतो. वास घेऊन सांगतो की निरो किती दिवसांचा होता. पण तो गेला की त्याचं नाकही जातं. जे शब्दांत उतरलं नाही ते पुढच्याला द्यायचं कसं?

"पण अशानं तू लोकांना प्यायला शिकवतोस," असं बहीण म्हणालीच. मी तिला म्हटलं, उलट. त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा एक कॅन संपायला मला दीड तास लागला. सुधाकराला पेल्यात काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त विसरायचं होतं. चव शोधणाऱ्याला शुद्धीवर राहावं लागतं. ती काही पटल्यासारखी दिसली नाही. असो.

पुढे थंडीत एका रविवारी पहाटेच भाच्याचा फोन. सुरतेजवळच्या एका गावात तो मित्राबरोबर नीरा प्यायला गेला होता. ताडाच्या जातीच्या शिंदीचा रस, उन्हं चढण्याआधीच प्यायचा. गुजरातीत त्यालाही 'नीरो' म्हणतात, आपल्या काजूच्या रसासारखंच. आंबला नाही तोवर तो कायद्याला चालतो. दोनचार तास उन्हात राहिला, हवेतल्या यीस्टनं काम सुरू केलं, की ताडी झाली आणि गुन्हा झाला. सुरतेच्या जेवणाला काशीच्या मरणाशेजारी बसवणाऱ्या त्या मुलखात चवीचं वेड किती आहे ते भाच्याकडून मला नेहमी कळतं. मी म्हटलं, "रूच कशी?"

'बरी' म्हणाला नाही तो. थोडा थांबला. म्हणाला, "शहाळ्याच्या पाण्यात माडाचा गूळ विरघळवलास तर जसं लागेल तसं. पण गोडाच्या मागे जरा धूर आहे, मडक्याचा असेल. आणि अगदी शेवटी एक बारीक आंबूसपणा, आता सूर्य वर आला की मी बदलणार असं सांगणारा."

मी अजून नीरा प्यायलेलो नाही. पण त्या पहाटे फोंड्यात बसून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते मराठी-कोकणीतच सुटलं. एप्रिलात भाचा रजेवर येतोय. भाटीवर जाऊ, म्हणालाय. येताना मी एक वही घेणार आहे.